नखांच्या नावाखाली कापलेले दात

बंडूने मला फसवलं. परक्या माणसाने नाही. पांढरकवड्याच्या बैलबाजारात दहा वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या, माझ्या डब्यातली भाकर खाल्लेल्या बंडूने. आणि फसवलं ते बैलात नाही, वीतभर लांबीच्या एका जनावरात. हे मला नागपूरच्या दवाखान्यात कळलं, डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा.

"डेंटल अ‍ॅब्सेस आहे," मॅडम म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. दाताच्या मुळाशी जंतू शिरले, आतलं हाड कुजायला लागलं आणि तिथे पू साचून गाठ झाली. जबड्याखाली सुपारीएवढं जे हाताला लागत होतं, ते तेच. मग त्यांनी विचारलं, "हिचे पुढचे दात कोण कापतं?"

"कोणीच नाही."

"काका, खालच्या डाव्या दाताला उभी चीर आहे, थेट मुळापर्यंत. पकडीने दाबून दात तोडला की अशी चीर जाते. आणि हे एकदा झालेलं नाही. खरं सांगा, मी रागावणार नाही."

रागावलो मी. "मॅडम, मी बैलांचा दलाल हाये. तीस वर्षं झाले, जनावराचे दात पाहून पोट भरतो. माह्या घरच्या जनावराचे दात कोणी कापले तर मले कळणार नाही का?"

त्या वाद घालत बसल्या नाहीत. पेनाचं टोक त्यांनी एक्स-रेवर ठेवलं. केसासारखी बारीक रेघ होती. मला ती दिसली, आणि त्याच क्षणी यवतमाळच्या एका दुकानाची मागची खोली डोळ्यांसमोर आली.

ज्यांच्या घरी असं जनावर आहे त्यांनी हे वाचावं म्हणून मी लिहितो आहे. पैशाचं गाऱ्हाणं नाही, त्याचा हिशोब इथे येणार नाही.

जनावर म्हणजे गिनी पिग. नावात डुक्कर आहे, पण दिसायला बिनशेपटीचा, गुबगुबीत ससा. आमची पांढरीशुभ्र, फुटलेल्या कपाशीच्या बोंडासारखी, म्हणून माझ्या मुलीने, पल्लवीने, तिचं नाव बोंडी ठेवलं. पल्लवी नंतर फार्मसी शिकायला नागपूरला गेली आणि बोंडी आमच्याकडे राहिली. मला ती नकोच होती. पण माझी मोटारसायकल वळणावर आली की ती घरातून शिट्टी मारायची. घरात मी आलो म्हणून आनंदाने ओरडणारं दुसरं कोणी नाही. माझी बायको सुनंदा माझा आवाज ऐकून आधी कपाळाला आठ्या घालते.

बोंडी बंडूकडूनच आणली होती. बंडूने बैलबाजार सोडून यवतमाळला पक्षी, मासे, ससे विकायचं दुकान टाकलं. मी पल्लवीला घेऊन गेलो तेव्हा त्याने खांद्यावरचा दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि बाजारातल्यासारखा बोटांनी भाव केला. पल्लवी हसून हसून बेजार झाली. दुपट्ट्याखाली मी एक बोट कमी केलं, त्याने मानलं. मला वाटलं, मी जिंकलो.

भाव करायच्या आधी मी सवयीने जनावराचा ओठ अंगठ्याने वर केला. दात सरळ, सारखे, स्वच्छ. म्हटलं, झकास.

बैलाचं वय आणि कस त्याच्या पुढच्या दातांवर कळतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग पुरा जुळलेला. मागच्या दाढा बाजारात कोणी पाहत नाही. दात घासून तरणा केलेला म्हातारा बैल मी दहा पावलांवरून ओळखतो, चालीवरूनच. त्याच डोळ्यांनी मी बोंडीकडे पाहिलं, हीच माझी चूक. गिनी पिगचे सगळे दात जन्मभर वाढत राहतात, दाढासुद्धा, आणि रोग दाढांत सुरू होतो. दाढा वाकड्या वाढल्या की वरच्या-खालच्या नीट मिळत नाहीत, मग पुढचे दात झिजत नाहीत आणि लांबतात. मॅडम म्हणाल्या, "पुढचे लांब दात म्हणजे मागच्या बिघाडाची पाटी. कुणीतरी ती पाटीच पुसून टाकत होतं."

कोण, ते सांगतो. निघताना बंडू म्हणाला होता, "भाऊ, हिचे नखं दर महिन्या-दीड महिन्याले कापा लागतात. तुमच्यानं होनार नाही. तुम्ही बाजाराले येताच, तवा घेऊन येत जा. मी कापून देत जाईन." मला बरं वाटलं. जुना सोबती, जीव लावतो. यवतमाळच्या बाजाराला निघालो की मी बोंडीला टोपलीत घालून एसटीत मांडीवर घ्यायचो. बंडू तिला मागच्या खोलीत न्यायचा आणि दार लावून घ्यायचा. "परकं मानूस पाहून बिचकते ते," म्हणायचा. मी बाहेर चहा प्यायचो. ती परत आली की दोन-तीन दिवस कमी खायची. तो म्हणायचा, प्रवासानं होते.

पावसाळ्याच्या अखेरीस पहिलं लक्षण दिसलं. बोंडी काकडीची फोड तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. पुन्हा धरायची, पुन्हा सोडायची. सुनंदा म्हणाली, "अवो, हे खाऊन नाही राह्यली, निरा खेळून राह्यली." मी म्हटलं, लाड झाले जास्त. चार दिवसांनी हनुवटीखालचे केस ओले राहायला लागले. लाळ होती. मग डावा डोळा पाणावला. मग ती गाठ. शिट्टी बंद झाली होती, पण त्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

वाचणाऱ्याने हा क्रम पाठ करावा: घास सोडणं, ओली हनुवटी, पाणावलेला डोळा, गाठ. पहिल्याच पायरीवर दवाखान्यात जा. मी चौथ्या पायरीवर गेलो.

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि सरळ सांगितलं, "भाऊ, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. याचा अंदाज मला नाही. फोडू नका, आणि मेडिकलमधून माणसाची गोळी आणून देऊ नका. आजच्या आज नागपूर गाठा." मला माहीत नाही, असं तोंडावर सांगणारा माणूस बाजारात मला क्वचितच भेटला आहे. त्या शब्दांमुळे बोंडी वाचली. पेनिसिलीनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं तर गिनी पिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दोन-चार दिवसांत जातं, हे मला मॅडमनी नंतर सांगितलं. माझ्या खिशात तसल्याच कॅप्सूलची पट्टी होती.

एक्स-रे झाला तो दिवस असा. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन आज दुपारीच करावं लागेल, पण बोंडी भूल सोसेल की नाही याची खात्री मी देत नाही. आधीच ती खंगली आहे. गिनी पिगचं पोट रिकामं राहिलं की आतडं चालायचं थांबतं, त्यामुळे थांबणंही धोक्याचं. मी म्हटलं, "काही कमीजास्त करून..." आयुष्यभर ज्याच्यावर जगलो तो शब्द तिथे चालत नव्हता.

कॉलेजातून पल्लवी आली. तिने टोपलीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी अंगणात जाऊन बंडूला फोन लावला.

"बंडू, बोंडीचे दात तू कापत होता का?"

"हौ! वाढले का पुन्हा? घेऊन या ना भाऊ, पाच मिनिटाचं काम हाये."

"तू नखं कापतो म्हनला होता."

"नखांसंगं दातबी. तुमाले कायले सांगा? तुमी भडकता. तिच्या मायचेबी असेच वाढत."

"तिच्या मायचे? म्हंजे देतानाच तुले माहीत होतं?"

पलीकडे पोपटांचा कलकलाट ऐकू येत होता. मग तो हसला. "भाऊ, उंदीर हाये तो. बैल हाये का? उंदराची खोड कोन सांगते?"

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. दवाखान्याचा चौकीदार उठून आला. बंडू मात्र थंड होता. शेवटी म्हणाला, "आन् दातांची कला मी शिकलो कोनापाशी? तुमच्याच बाजूले बसून ना?"

हे वाक्य मला त्या गाठीपेक्षा जास्त झोंबलं. मी त्याला घासलेला दात ओळखायला शिकवलं होतं, घासायला नाही. पण जो एक शिकतो त्याला दुसरंही येतं, हे मला कळायला हवं होतं.

तीन तास वाट पाहिली. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आजारी कासव घेऊन बसले होते. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "विश्वासघात." त्यांना वाटलं, रोगाचं नाव आहे. "आजकाल बरा होतो म्हणतात," असं म्हणून त्यांनी धीर दिला.

मॅडम बाहेर आल्या. बोंडी जिवंत होती. चिरलेला दात मुळासकट काढला, पूची पिशवी सोलून काढली. गिनी पिगचा पू वाहत नाही, खव्यासारखा घट्ट असतो, म्हणून गाठ नुसती फोडून भागत नाही. जखम शिवली नव्हती, मुद्दाम उघडी ठेवली होती, आतून भरत यावी म्हणून. दाढांचे जिभेला टोचणारे काटेही घासले होते. मॅडमनी विचारलं, "गवत किती खाते?"

"गवत नाही. दुकानातलं रंगीत दाण्यांचं पाकीट."

"काका, आपल्याला भाकर तसं हिला गवत. सुकं, लांब काडीचं गवत दिवसभर चावलं तरच दाढा झिजतात. दाण्याने झिजत नाहीत. असे दात वारशानेही येतात, पण गवत नसेल तर बिघाड दुप्पट."

माझ्या गोठ्यामागे गवताची गंजी उभी आहे. सात-आठ महिने मी त्या गंजीजवळून रोज गेलो आणि बोंडीला बंडूच्या दुकानातलं पाकीट फोडून दिलं. तो म्हणाला होता, गवतानं पोट फुगते. पाकीट तोच विकत होता.

घरी आल्यावरचे तीन आठवडे सुनंदाने आणि मी वाटून घेतले. दिवसातून दोनदा जखम सलाइनच्या पाण्याने धुवायची. दर तीन तासांनी दळलेला चारा भिजवून बिनसुईच्या सिरिंजने भरवायचा, दातांच्या बाजूने, थेंबाथेंबाने. घाई केली तर फुफ्फुसात जातो. व्हिटॅमिन सी रोज द्यायचं, कारण माणसासारखंच हिच्या अंगात ते तयार होत नाही. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. नजरेवर जाऊ नका. मी नजरेने बैलाचं वजन सांगणारा माणूस, पण केसांखाली बोंडी किती वाळली ते मला काट्याने सांगितलं.

पहिल्या आठवड्यात काटा खालीच जात राहिला. मी भरवायला बसलो की बोंडी तोंड फिरवायची. तिला टोपलीतून उचलून बंडूकडे देणारा हात माझाच होता ना! तिच्या लेखी बंडू आणि मी यात काही फरक नव्हता. सुनंदा म्हणाली, "तुमी सरका तिकडं. तुमचा हात पाहून थरथर कापते ते." मी सरकलो. सुनंदा भरवायची, मी ओसरीतून पाहायचो.

दहाव्या दिवशी तिने स्वतःहून गवताची एक काडी ओढली. माझ्याच गंजीतली. एका बाजूने, हळूहळू, पण पूर्ण चावली. तिसऱ्या आठवड्यात जखम भरली. आता समोर तीनच दात आहेत. भाजी बारीक चिरून द्यावी लागते आणि दाढा घासायला दर दोन-अडीच महिन्यांनी नागपूरला जावं लागतं, ती जगेल तोवर. मॅडम म्हणाल्या, हा बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आहे. मी ते मानलं. मॅडमचे, त्या सरकारी डॉक्टरांचे आणि सुनंदाचे आभार मानतो. सुनंदाला तोंडावर सांगायला जमत नाही, इथे वाचेल.

शिट्टी अजून आली नाही. मोटारसायकल वळणावर आली की मी मुद्दाम गाडी हळू करतो आणि ऐकतो.

आता बंडू. आमच्या बाजाराची रीत आहे. बैल लाथ मारतो, जुवाखाली बसतो, एका डोळ्याने अधू आहे, काय असेल ती खोड दुपट्टा पडायच्या आधी सांगायची. लपवली आणि उघडी पडली, तर पुढच्या बाजारी विकणाऱ्याने चार दलालांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ही रीत बैलापुरती आहे असं कोणी ठरवलं नव्हतं. बंडू, तुझ्या दुकानात तू दुपट्टा टाकलास, म्हणजे रीत तिथेही लागू झाली.

म्हणून येत्या बाजारी पांढरकवड्याला ये. कडुनिंबाखाली आपण बसायचो त्याच जागी. मी बोंडीला घेऊन बसेन. तिच्या मायचं सांग, पाकिटाचं सांग, आजही मागच्या खोलीत ज्यांचे दात तोडतोस त्या जनावरांचं सांग. दुसऱ्यांनी नेलेल्या पिल्लांची नावं-गावं सांग, म्हणजे त्यांना तरी वेळेत दवाखाना गाठता येईल. आणि चौघांसमोर मला एवढ्या एका गोष्टीचं उत्तर दे: पाच मिनिटाचंच काम होतं, तर दार कायले लावत होता?