पथारीवर बसून राहिलेली केसरबाई

दोंडाईच्याला हंगामात गावाबाहेरची मोकळी जमीन लाल होते. व्यापारी ओली मिरची विकत घेऊन उघड्यावर वाळायला पसरतात आणि बायका ओळीनं बसून तिची देठं खुडतात. या जागेला पथारी म्हणतात. बन्सीलाल शेठच्या पथारीवर अशा दीडशे बायका होत्या. त्यांना सकाळी वस्त्यावस्त्यांतून गोळा करून आणायचं काम केसरबाईकडे होतं.

माझी तिची ओळख शाळेतली. तिची कमल माझ्या तिसरीच्या वर्गात होती. कमलला पहिल्या बाकावर का बसवायचं, हे सांगायला ती एकदा दारात येऊन उभी राहिली. "जयभीम गुरुजी. हिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही." दोन वर्षांची असताना पथारीवर कमलनं मिरचीच्या हातांनी डोळा चोळला होता. धुवायला पाणी नव्हतं. केसरबाई तिला कडेवर घेऊन स्टेशनच्या नळापर्यंत पळाली, तोवर पोरीनं बुबुळाला जखम करून घेतली होती. हे सांगताना केसरबाईचा आवाज जरासुद्धा चढला नाही. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हतीच.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. पथारीवरच्या बायकांची मजुरी वाढवण्याचा विचार सरकारदरबारी चालला होता. व्यापाऱ्यांच्या संघटनेला ते नको होतं, आणि बन्सीलाल शेठ संघटनेचे अध्यक्ष होते. मागच्या निवडणुकीत आमदारांच्या जिपा याच संघटनेच्या डिझेलवर फिरल्या होत्या, म्हणून आमदारांचं दार त्यांना कधी बंद नसे. शेठ तसे हसतमुख गृहस्थ. आमच्या शाळेचे दोन पंखे त्यांनीच दिलेले. अमुक गोष्ट अमुक रकमेला मिळते, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं आणि ते आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांनी केसरबाईला बोलावलं. "केसर, पथारीवर नळ घ्यायचाय. अर्जावर सगळ्या बायकांचे अंगठे घे."

नळ म्हटल्यावर तिनं दुसरं काही विचारलं नाही. कागद माझ्याकडे आणला असता तर मी वाचून दाखवला असता, पण तो मुनीम तोतारामच्या हातातून सुटत नव्हता. म्हातारी धुरपदाबाई तेवढी अडून बसली.

"शेठ फुकट पानी पाजस का माय?"

"मना नाववर अंगठा लाव, अक्का," केसरबाई म्हणाली.

तीन दिवसांत दीडशे अंगठे झाले.

डिसेंबरात शेठ आणि संघटनेचे चार व्यापारी आमदारांबरोबर मुंबईला गेले. ते परतायच्या आदल्या दुपारी भाकरीच्या वेळी कुणीतरी तोतारामला विचारलं, नळ कधी येणार. तोताराम चहा पीत होता. त्याला हसू आलं.

"कसला नळ? 'आम्हाला आहे तीच मजुरी मान्य आहे, सरकारनं वाढवू नये,' असं लिहिलंय त्याच्यात. नोटांची थैली बी गेली, तुमचे अंगठे बी गेले. दोन्ही आज मंत्र्याच्या टेबलावर."

दोघीचौघी हसल्या. त्यांना ती मस्करी वाटली. धुरपदाबाईनं केसरबाईकडे पाहिलं.

"तुना नाववर लावा व्हता ना मी अंगठा," ती म्हणाली.

केसरबाई भाकरी फडक्यात परत बांधून देठं खुडायला बसली.

चारच्या सुमारास नंदुरबारच्या अंगानं आभाळ भरून आलं. अशा वेळी पथारीवर कुणाला हाक मारावी लागत नाही. भिजलेली मिरची काळी पडते हे ठाऊक असल्यानं बायका आपणहून टोपल्या घेऊन धावतात, अर्ध्या तासात ढीग करून ताडपत्री ओढतात. त्या दिवशीही त्या उठल्या.

"बठा," केसरबाई म्हणाली, आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसून राहिली. उठलेल्या बायकाही एकेक करून परत खाली बसल्या.

तोताराम धावत आला. "उठा गं, थेंब यायला लागले."

कुणी उठलं नाही.

"आजची मजुरी दुप्पट देतो. चौपट देतो, शेठला मी सांगेन. केसर, बोल की."

"आम्हले शे तीच मजुरी मान्य शे, मुनीमजी."

आता बायका खरंच हसल्या. तोताराम आणि पाच हमालांनी जेवढी मिरची लोटता येईल तेवढी ताडपत्रीखाली लोटली. दोन तास पाऊस पडला. बायका भिजत बसल्या आणि त्यांच्या समोरून लाल पाणी रस्त्याकडे वाहत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पथारीवर गेलो. केसरबाई तिथंच होती, जणू कुणाची वाट पाहत. रीतसर तक्रार करता आली असती, असं मी तिला म्हणालो.

"तक्रारीवर बी अंगठाच लावावा लागतो ना, गुरुजी."

तेवढ्यात शेठ आले. मजुरीचा निर्णय पुढे ढकलल्याचं पत्र खिशात होतं आणि स्टेशनवर घातलेला हार अजून गळ्यात होता. पथारीकडे पाहून त्यांनी तो काढला.

"चौपट देत होता ना तोताराम? मग तुला किती पाहिजे होतं?"

"काहीच नको व्हतं, शेठ."

"वेडी आहेस. महिनाभराचं काम गेलं तुझं."

"मनं रोजच जास. तुमनं आज गयं."

शेठना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते खरोखरच गोंधळले होते. आठवडाभरात त्यांनी तिच्याकडे तीनदा माणूस धाडला: आधी लुगडं, मग नळ, मग नळ आणि मुकादमी. राहिलेल्या मिरचीतून काळी निवडायला बायका हव्या होत्या आणि केसरबाईशिवाय एकही यायला तयार नव्हती. ती गेली नाही. आठव्या दिवशी ढिगाला बुरशी आली.

सगळं चांगलं झालं असं मी लिहिणार नाही. मजुरी वाढलीच नाही. हंगाम बुडाला म्हणून कितीतरी घरांतून केसरबाईला शिव्या बसल्या, आणि त्यातल्या काही मला रास्त वाटत होत्या. गावात तिला कुणी काम देईना. कमलला बहिणीकडे ठेवून ती दूर दीपनगरच्या बांधकामावर विटा वाहायला गेली.

पुढच्या हिवाळ्यात ती कमलचा दाखला न्यायला शाळेत आली. हात विटांनी सोलवटले होते. मी दाखला लिहीत असताना तिनं विचारलं, "शेठची पथारी कशी आहे यंदा?"

"यंदा टाकलीच नाही. जागा विकायला काढलीय म्हणतात."

"पुन्हा सांगा, गुरुजी."

मी पुन्हा सांगितलं.