द्राक्षांचा वास

माझी नणंद प्रमोदिनी कधी आवाज चढवत नाही, म्हणून लोकाइले ती गरीब वाटते. मी तिच्यासंग एका घरात राहते, मले विचारा. पक्की हट्टी बाई आहे. आमचं घर मूळचं विणकराचं. माग कधीचा मोडीत गेला, पण हिची बैठक मागावरचीच राहिली, एकदा बसली की उठायचं नाव नाही. प्रताप नगरच्या पुढं एका कॉलेजात जंतूंची प्रयोगशाळा आहे, तिथं तिची नोकरी. काचेच्या बशीत जेली ओतायची, त्यावर जंतू वाढवायचे, जुने झाले की ताज्या जेलीवर उतरवायचे. लग्न केलं नाही. काहून, तर म्हणे जंतूइले सुट्टी नसते. घ्या आता!

रविंद्र तिचा मोठा भाऊ, माझा नवरा. मिहानमधल्या कंपनीतून घरी येताना त्याची गाडी घसरली. पायात सळई टाकली आणि जखम चिघळली. हिरवा पू यायचा, आणि त्याले पिकल्या द्राक्षांचा गोड वास. अजूनही मी बाजारात द्राक्षाच्या गाडीपाशी उभी राहत नाही. डॉक्टरनं एकामागून एक इंजेक्शनं बदलली, पण पाणी टोचल्यासारखं झालं. जखमेतला नमुना प्रमोदिनीच्याच प्रयोगशाळेत गेला. कोणतंच औषध चालत नाही असा रिपोर्ट आला, आणि त्याच आठवड्यात माझं माणूस गेलं. पोरबाळ आम्हाले नव्हतं.

दहाव्याले आम्ही अंभोऱ्याले नदीवर गेलो. पिंडाले कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला ते ओळखून शब्द द्यावा लागते. सासरे भैयाजी म्हणाले, कामिनीले, म्हणजे मले, अंतर देणार नाही. कावळे झाडावरून नुसते पाहत राहिले. मी म्हणाले, तुझं घर सोडून जाणार नाही. तरी नाही. मग प्रमोदिनी पुढं झाली, हात जोडले.

"दादा, तुझ्यातलं जे माझ्यापाशी आहे, ते मी मरू देणार नाही."

कावळा सरळ खाली आला. सगळे मोकळे झाले. मले वाटलं, भावाच्या आठवणीबद्दल बोलून राहिली.

दिवाळी होऊन गेली असेल. ती कामावरून आली, मी चहा द्यायले वाकले, आणि तिच्या ओढणीले तोच वास आला. द्राक्षांचा. मी कपबशी खाली ठेवली आणि तिले विचारलं, हा वास कुठला?

तिनं काही लपवलं नाही. नमुना फेकला नव्हता. रविंद्रच्या जखमेतला जंतू जिवंत होता आणि त्याले ताज्या जेलीवर तीच उतरवत होती. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रियदर्शनी मॅडमनं तो जंतू औषध कशानं मोडते ते शोधून काढलं होतं. जंतू एक प्रथिन बनवते, एन्झाइम म्हणतात त्याले. तिनं मोबाइलवर त्याचं चित्र दाखवलं. रंगीत फितींचा गुंता, सावकाश स्वतःभोवती फिरून राहिला होता. मधात एक खाच, खाचेत जस्ताचे दोन कण. औषधात चार अणूंची चौकोनी कडी असते, ती त्या खाचेत शिरली की तुटते. औषध निकामी, आणि एन्झाइम जसंच्या तसं, पुढच्या कडीसाठी तयार. अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसं. रविंद्रची सगळी इंजेक्शनं इथंच फुटली होती.

माझं डोकंच फिरलं. ज्यानं माझा नवरा खाल्ला, त्याले तू पोसून राहिली? आताच्या आता जाळून टाक म्हणाले. ती खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, दादाच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलं आहे वं."

मग तिनंच सांगितलं की त्या जंतूचा शेवट जवळ आला आहे. मॅडमनं एक नवीन रसायन बनवलं होतं. ते त्या खाचेत पाचरीसारखं बसते, मग औषधाची कडी तुटत नाही. ते याच जंतूवर तपासायचं होतं, आणि काम प्रमोदिनीकडं आलं होतं. मले तिचा भरोसा वाटेना. मी म्हणाले, निकाल पाहायले मी येते. तो मेलेला माझ्या डोळ्यानं पाहीन, तेव्हाच मले बरं वाटेल.

मॅडमनं मले दारापाशी उभं राहू दिलं. सकाळचं ऊन खिडकीतून आत येत होतं. प्रमोदिनीनं बशीचं झाकण उघडलं. कागदाच्या दोन टिकल्या होत्या. एकीवर नुसतं औषध, तिच्या अगदी कडेपर्यंत जंतू माजला होता. दुसरीवर औषध आणि नवीन रसायन, तिच्याभोवती स्वच्छ गोल, जंतूचा मागमूस नाही. माझ्या डोळ्यातून पाणी आलं. मेला एकदाचा मुडदा!

प्रमोदिनीनं बशी उजेडाकडं तिरपी केली. त्या स्वच्छ गोलात खसखशीच्या दाण्याएवढा एक हिरवट ठिपका होता. आणि ती हसली. रविंद्रची गाडी गल्लीत वळली की अशीच हसायची. क्षणभरच. मग चेहरा सारखा करून तिनं मॅडमले हाक मारली.

"मॅडम, एक वाचला आहे."

मॅडम बशीवर वाकल्या. हा कसा वाचला, त्याची खाच बदलली का, ते शोधावं लागेल म्हणाल्या. हा मरू देऊ नको, ताज्या जेलीवर घे. प्रमोदिनी हो म्हणाली.

घरी येताना ऑटोत तिनं माझा हात धरला.

"वहिनी, तो दिसला तेव्हा मले बरं वाटलं. मले माझीच भीती वाटून राहिली."

एरवी मी तिले सोडली नसती. पण बोलणार कोणत्या तोंडानं? बशीचं झाकण उघडलं, तो द्राक्षांचा वास दारापर्यंत आला, तेव्हा मी नाक दाबलं नव्हतं. डोळे मिटून खोल श्वास घेतला होता.