सव्वा वीत पाणी

कादरभाऊ कुठल्याही भांड्यावर झाकण पुरतं बसू देत नसत. मूल या गावच्या मुलींच्या शाळेत मी रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. ओसरीवरच्या शेगडीवर वरण ठेवून मी वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत माणूस पायरीशी उभा राहिला आणि माझं नावगाव विचारायच्या आधी त्याने हातातल्या बांबूच्या कांडीने वरणाचं झाकण बोटभर सरकवून ठेवलं.

“कोंडलं का फुटते, बाई,” ते म्हणाले. “रस्ता ठेवा लागते.”

मग त्यांनी ओळख सांगितली. नाव कादर, राहणार शेजारच्याच घरात, धानाच्या गिरणीत मिस्त्री. काही लागलं तर भिंतीवर थाप मारा, बायको अमीना येईल. ते गेल्यावर घरमालकिणीने मला ते वरण टाकून द्यायला सांगितलं. मी नागपूरहून आलेली बावीस वर्षांची मुलगी, गावात कुणाच्या ओळखीची नव्हते, तिला दुखवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी मी ते वरण खाल्लं. पुढची सहा वर्षं मी त्या दोघांच्या घरची झाले, त्याची सुरुवात तिथून झाली असावी.

स्वातंत्र्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत आणि आमचं मूल म्हणजे चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल आणि मधोमध गिरणीचं धुराडं. गिरणीत उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवत. त्या वाफेचा बॉयलर कादरभाऊंच्या ताब्यात होता. बॉयलरला ते कांडी लावत, तिचं दुसरं टोक कानाशी धरत आणि डोळे मिटून ऐकत. दाबाच्या घड्याळाचा काटा खोटं बोलतो, लोखंड बोलत नाही, असं त्यांचं मत. ते सतरा वर्षांचे असताना गोंदियाकडच्या एका गिरणीत बॉयलर फुटून त्यांचा मोठा भाऊ गेला होता. वाफ सोडणारी झडप गंजून अडकली होती. ही हकीकत मला त्यांनी नाही, अमीनाभाभींनी सांगितली.

बॉयलरच्या भट्टीत धानाचा कोंडा जाळत. कोंड्याचा जाळ मोठा लहरी. आत्ता भडकला, तर घटकाभराने बसला. भट्टीवाल्याचा डोळा लागला किंवा तो बिडी ओढत बाहेर रेंगाळला की दाब कुठल्या कुठे जाई. कादरभाऊंनी त्यावर एक उपाय काढला होता. कोंडा वरच्या पेटीतून आपोआप भट्टीत पडायचा आणि पेटीच्या तोंडाला एक पत्र्याची झडप होती. ती झडप एका दांड्याने वाफेच्याच छोट्या नळकांड्याला जोडलेली. वाफेचा दाब वाढला की दांडा हलून झडप मिटे, कोंडा थांबे. दाब उतरला की ती पुन्हा उघडे. मोटारीच्या भंगारातली स्प्रिंग, पंपाचा दट्ट्या, असंच सगळं सामान. तीन हंगाम ते माणसाच्या हाताशिवाय चाललं.

नागपूरहून बॉयलर तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी ते पाहिलं आणि तासभर तिथून हलले नाहीत. जाताना म्हणाले, याचं पेटंट घ्या, मिस्त्री. कादरभाऊंना तो शब्द ठाऊक नव्हता. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, कारण आमच्या गल्लीत इंग्रजी लिहिणारी मी एकटीच.

कलकत्त्याच्या पेटंट ऑफिसशी आमचा पत्रव्यवहार जवळजवळ दीड वर्ष चालला. आकृत्या मी काढल्या. शाळेच्या शब्दकोशात नसलेले शब्द इन्स्पेक्टरसाहेबांना पत्र पाठवून विचारले. तिकडून प्रश्न येई, यात नवीन काय आहे? कादरभाऊ ओसरीवर उकिडवे बसून विचार करत आणि सांगत, “लिहा, बाई. माणूस झोपला तरी हे जागं राह्यते.” मी त्याचं सरकारी इंग्रजी करी. मी लिहिलेलं ते मला मराठीत उलटं सांगायला लावत आणि एखादा शब्द जरी फुगलेला वाटला तरी काढायला लावत. “जेवढं चालते तेवढंच लिहा.”

अखेर शिक्क्याचा कागद आला. कादरभाऊंनी तो दोन्ही हातांनी अमीनाभाभींपुढे धरला. भाभींना आमच्या मराठी चौथीइतकं वाचता येई, पण हे इंग्रजी. तरी त्या म्हणाल्या, नाव तेवढं दाखवा. मी नावावर बोट ठेवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मान वळवली, पुन्हा वळवली. माझं बोट त्यांना सापडेना. ते कागदाच्या डाव्या कडेला होतं. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग भाभींनीच हळूहळू सांगितलं की वर्षभर हे असं आहे. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं ठणकतं, दाराची चौकट खांद्याला लागते. पत्राचं काम चालू आहे, त्यात हे कशाला, म्हणून बोलल्या नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत छोट्या रुळांच्या रेल्वेने आम्ही तिघं नागपूरला गेलो. दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर वयाने तरुण आणि बोलायला मोकळे होते. काचबिंदू, ते म्हणाले. कादरभाऊंनी कारण विचारल्यावर त्यांनी कागदावर डोळा काढला. डोळ्यात सतत थोडं थोडं पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निघून जातं. जाळी बुजली की पाणी साठतं, दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस मरत जाते. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकवायची, एवढंच हाती.

कादरभाऊ त्या कागदाकडे पाहत राहिले. “म्हणजे वॉल हाय, झडप,” ते म्हणाले, “पर जाम झाला.”

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, अगदी तसंच.

उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पाण्याला वाट म्हणून एक बारीक भोक पाडलं होतं. चार महिन्यांत ते भरून आलं आणि तो डोळा गेला. भोक बुजतं तर त्यात नळी का घालत नाही, असं कादरभाऊंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, परदेशात घालून पाहिली आहे. एक तर नळी बुजते, नाही तर सगळं पाणी निघून जातं आणि डोळाच बसतो. परतीच्या गाडीत कादरभाऊ दवाखान्याच्या चिठ्ठीची बारीक सुरळी करत बसले. नागभीडला गाडी बदलताना म्हणाले, “नळीनं काम नाई होत, बाई. नळीले झडप पाहिजे.”

पुढची दोन वर्षं त्यांनी त्या झडपेत घालवली. सायकलच्या चाकात हवा भरतो तिथे पितळी नळीवर एक रबरी नळी चढवलेली असते. हवा आत जाते, परत येत नाही. त्यावरून त्यांना सुचलं. इंजेक्शनच्या सुईएवढी नळी, तिचं एक टोक बंद आणि बाजूला केसाएवढी चीर. आतला दाब वाढला की चीर उघडेल, उतरला की आपोआप मिटेल. डॉक्टरांनी कळवलं होतं की निरोगी डोळ्यातला दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर साधारण वीतभर भरतो. कादरभाऊंनी भिंतीवर काचेची नळी उभी बांधली, शेजारी वितीच्या खुणा केल्या. खाली झडप आणि झडपेखाली पितळेची थाळी.

थेंब इतका बारीक पडे की कादरभाऊंना तो दिसत नसे. अमीनाभाभींना तो ऐकू येई. त्या थाळीजवळ तोंड फिरवून बसत, कादरभाऊ नळीत पाणी चढवत आणि भाभी म्हणत, “आता.” मी वहीत लिही. कधी अर्ध्या वितीलाच “आता” येई, कधी दोन वितींना. झडप काढायची, दुसरी चीर पाडायची, पुन्हा पाणी. अशा शेकड्याने झडपा झाल्या. माझ्या शाळेनंतरच्या कितीतरी दुपारी त्या घरात गेल्या. कुणी बोलत नसे. बाहेर गिरणीचा पट्टा फिरत असे आणि आम्ही तिघं एका थेंबाची वाट पाहत असू. इतकं निवांत, इतकं एकमेकांत मिसळून मी नंतर कुठेच बसले नाही.

एके दिवशी पाणी सव्वा वितीला पोचलं आणि भाभी “आता” म्हणाल्या. पाणी वितीवर उतरलं आणि त्या म्हणाल्या, “थांबलं.” पुन्हा चढवलं. पुन्हा सव्वा वीत. दहा वेळा तेच. कादरभाऊंनी भाभींच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला. दुसऱ्या पेटंटच्या अर्जात त्यांनी शोधकर्ते म्हणून दोन नावं लिहायला लावली. एक त्यांचं, दुसरं अमीनाबीचं.

डॉक्टरांनी ती झडप भिंगाखाली पाहिली. रबर डोळ्याला सोसणार नाही म्हणाले आणि ओळखीतून परदेशातली अगदी बारीक प्लास्टिकची नळी मागवून दिली. कादरभाऊंनी तीत चीर पाडली. तीही सव्वा वितीला उघडली. एव्हाना भाभींचा डावा डोळाही किलकिल्या खिडकीइतका उरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: मी हे कधी केलेलं नाही. नजर टिकेल किंवा उद्याच जाईल. तुमची दोघांची तयारी असेल तरच. तिघांचंही ठरलं. तिघांचं म्हणजे मी धरून.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. कादरभाऊ खोलीतून बाहेर आले. डॉक्टर समोरून येत होते. त्यांना ते म्हणाले, नळी घालायची नाही. थंड बॉयलरवर चालवल्याशिवाय चालत्या बॉयलरवर मी आजवर काही बसवलं नाही, आता कसं बसवू? डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ते गेले. मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं झालं.

मला मात्र सहन झालं नाही. दोन वर्षांच्या त्या दुपारी, ती वही, तो अर्ज, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. “स्वतःच्या बायकोची वेळ आली आणि कच खाल्ली तुम्ही,” मी म्हणाले. “तिचा डोळा गेला तर तो तुमच्या भित्रेपणाने जाईल.”

कादरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “हो, बाई,” ते म्हणाले. इतकंच.

भाभींची नजर पुढच्या वर्षात गेली. दुसऱ्या अर्जाचा पुढचा कागद कलकत्त्याला वेळेत पाठवायचा होता, तो कादरभाऊंनी पाठवू दिला नाही. कुणाच्या डोळ्यात चाललं नाही त्याचा कागद कशाला, म्हणाले. आमचं बोलणं बंद पडलं नाही. भाभी जेवायला बोलवत, मी जाई. पण त्या घरात मी पूर्वीसारखी बसले नाही. मग मला नागपूरच्या हायस्कुलात नोकरी मिळाली. कादरभाऊ माझी ट्रंक खांद्यावर घेऊन स्टेशनवर आले, गाडी हलेपर्यंत थांबले. माफीचा शब्द माझ्या ओठांवर होता. मी त्यांना तब्येत सांभाळायला सांगितलं.

दोन वर्षांनी गिरणीच्या कारकुनाचं कार्ड आलं. छातीत कळ येऊन कादर मिस्त्री गेले. मला कळलं तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते.

मी मूलला गेले. भाभी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या आणि बोटांनी खडे वेचत होत्या. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. बाजूला बसवलं. खडे वेचता वेचता त्या बोलू लागल्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईला डोळा काढून परत आणलं होतं. ती कण्हत होती. ते ऐकून भाभींचा धीर सुटला.

“मीच त्यायले म्हणलं, मले नोको,” भाभी म्हणाल्या. “जेवढं दिसते तेवढं बस हाय. पर तुमी इतकं लिहिलं होतं, डाक्टरनं नळी मांगवली होती. कोणत्या तोंडानं नाई म्हणू? तं ते म्हणाले, तू चूप राह्य, मी सांगतो.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी?

“मी कसम घातली होती. म्हणलं, बाई मले भेकड समजतीन.”

कशीबशी मी त्यांना सांगायला लागले की त्या दिवशी व्हरांड्यात मी कादरभाऊंना काय म्हणाले होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं.

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “दाराच्या आतच बसली होती न. उठून सांगा वाटलं, बाई, का माझ्यापायी हाय हे. नाई उठली.”

सूप आमच्या दोघींच्या मध्ये होतं. भाभींनी पुन्हा तांदळात बोटं घातली आणि मला विचारलं, “ते काय म्हणाले होते तुमाले? त्यायचा आवाज बारीक होता. मले ऐकू नाई आला.”

“‘हो’ म्हणाले,” मी सांगितलं.

भाभींची बोटं थांबली. “अजून?”

“अजून काही नाही, भाभी. फक्त ‘हो, बाई’.”