शेठजींच्या स्क्रीनची बारीक अक्षरं

दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. वेगळी मेहनत लागत नाही. लोक दुखणं घेऊन डॉक्टरकडे जातात आणि उरलेलं सगळं घेऊन माझ्याकडे येतात. पंखा फिरत नाही, प्रशांतला बोलवा. मोबाइलवर पोराचा निकाल उघडत नाही, प्रशांतला बोलवा. मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडिलांना वाटायचं, पोरगा पुण्याला जाईल. पोरगा गोंडपिपरीच्या पुढे नदी ओलांडून जंगलात आला आणि इथल्या एका संस्थेच्या दवाखान्यात चिकटला. आता थकायला झालंय, पण किस्से काही थांबत नाहीत.

त्यातले हे स्क्रीनचे. हे सांगितल्याशिवाय माझ्या मानेचं दुखणं कुणाला समजणार नाही.

* * *

आमच्याकडे केसपेपर काढायचा आणि बघायचा एक छोटा प्रोग्राम आहे, सगळ्या विभागांत तोच. एकच विंडो. नाव, गाव, वय, स्त्री की पुरुष, कोणता विभाग, आणि खाली "जतन करा" असं बटन. माझ्या आधी निखिल नावाचा मुलगा होता, त्यानं या प्रोग्रामची स्क्रिप्ट लिहिली आणि तो पुण्याला गेला. स्क्रिप्ट मला मिळाली.

केसपेपरच्या खिडकीत मालतीबाई बसतात. बाईंना मराठी येतं, माडिया येतं, सिरोंच्याकडचा माणूस आला तर तेलुगू येतं. पेशंटनं नुसतं गावाचं नाव घेतलं की बाई विचारतात, "पाटलाच्या घराच्या अल्याड का पल्याड?" दवाखाना डॉक्टरांच्या नावावर चालतो, पण सुरू होतो तो त्या खिडकीतून.

तर नागपूरच्या एका शेठजींनी दवाखान्याला नव्या स्क्रीन भेट दिल्या. एकदम भारी, चकचकीत. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा स्टाफ स्क्रीनला नाक लावून बसलेला. अक्षरं मुंगीएवढी!

कारण साधं होतं. निखिलनं सगळं स्क्रीनचे ठिपके मोजून बांधलं होतं. बटन इतके ठिपके रुंद, अक्षर इतके ठिपके उंच. जुन्या स्क्रीनचे ठिपके मोठे होते, तिथे ते बरोबर बसायचं. नव्या स्क्रीनचे ठिपके फारच बारीक, त्यामुळे सगळी विंडोच आक्रसून कोपऱ्यात जाऊन बसली.

पण आमच्या संस्थेची एक रीत आहे. भेट आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. मागे कुणीतरी थंडीत पाठवलेले पंखेसुद्धा आम्ही कौतुक करत लावले होते. म्हणून कुणी काहीच बोलेना. औषधाच्या स्टोअरमधल्या देवरावभाऊंना मी विचारलं, "भाऊ, दिसते का बरोबर?"

भाऊ डोळे बारीक करून म्हणाले, "मस्त आहे ना. लय नाजूक काम आहे याचं."

* * *

त्याच आठवड्यात दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर होतं. चंद्रपूरहून डोळ्यांचे डॉक्टर आले. दार उघडून बघतात तर पेशंटच्या आधी आमच्या स्टाफची रांग. देवरावभाऊ पहिले.

डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि विचारलं, "तुमचे डोळे चांगले आहेत. अचानक सगळ्यांना काय झालं?" शेठजींचं नाव कोण घेणार? सगळे म्हणाले, "वय झालं साहेब." त्यात आमची एक सिस्टर पंचविशीची होती.

मालतीबाईंनाही त्यांनी सांगितलं, डोळे ठीक आहेत, आहे तोच चष्मा चालेल. बाई हो म्हणाल्या आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी पाणी दिलं.

"माया मायले बी डॉक्टरनं असंच सांगतलं होतं," बाई म्हणाल्या. "ठीक आहे म्हने. मंग दोन सालात तिले मी दिसेनाशी झाली."

मी म्हटलं, "बाई, डोळे नाई, स्क्रीन आहे ती. माझ्यावर विश्वास ठेवा."

"तू मायं मन राखून राह्यला," बाई म्हणाल्या.

* * *

देवरावभाऊंनी मात्र स्वतःच उपाय केला. कुणाच्या तरी भाच्यानं त्यांना सेटिंग दाखवलं आणि त्यांनी स्क्रीनचं रिझोल्यूशन पार खाली आणून ठेवलं. अक्षरं मोठी झाली, पण सगळं आडवं ताणलं गेलं. गोल शिक्का लंबगोल दिसायचा. भाऊंना त्याचं काही नव्हतं.

एकदा आमचे मोठे डॉक्टर स्टोअरमध्ये आले. भाऊंच्या स्क्रीनवर संस्थेचं पान उघडं होतं, त्यावर डॉक्टरांचा फोटो. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग पोटावरून हात फिरवत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या डब्यातला भात बंद झाला. धानाच्या मुलखात राहून माणूस दोन्ही वेळा ज्वारीची भाकर खाऊ लागला. मेसच्या बाईंना वाटलं, आपल्या हाताची चव गेली. त्या वेगळ्याच रुसल्या. महिनाभरानं डॉक्टरांनी तोच फोटो स्वतःच्या मोबाइलवर पाहिला, तेव्हा मला बोलावणं आलं.

"प्रशांत, मी कोणता खरा?"

मी म्हटलं, "सर, मोबाइलमधला." त्या दुपारी डॉक्टरांनी तीनदा भात घेतला.

* * *

मग मी अधिकृतपणे कामाला लागलो. विंडोजमध्ये सोय असते, सगळं दीडपट करा, दुप्पट करा. मालतीबाईंच्या कॉम्प्युटरवर मी दुप्पट केलं. मला वाटलं, सुटलो.

त्याच कॉम्प्युटरला बाहेरच्या हॉलमधला टीव्ही जोडलेला आहे. त्यावर कुणाचा नंबर आला ते नाव दिसतं. टीव्ही जुना, ठिपके मोठे. बाईंच्या स्क्रीनचं दुप्पट माप तसंच्या तसं टीव्हीवर गेलं आणि तिथे एकच नाव मावलं, पडदाभर. "लालसू". पुढची नावं खाली, टीव्हीच्या बाहेर कुठेतरी.

लालसू खाजेचं मलम घ्यायला आला होता. एवढं मोठं नाव बघून लोकांनी त्याला बाकावर जागा दिली. कुणी पाणी आणलं. एका आजीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो बिचारा मलम घेऊन निघून गेला, नाव तसंच राहिलं. दुपारपर्यंत हॉलमध्ये 'लय चांगला होता' अशी कुजबुज सुरू झाली. चार वाजता त्याच्या गावचा एक माणूस सायकलनं धापा टाकत आला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, न्याचं कधी आहे त्याले?"

लालसू तेव्हा समोरच्या टपरीवर भजे खात होता.

* * *

टीव्हीचं निस्तरलं, पण खरं दुखणं खिडकीत होतं. दुप्पट केल्यावर अक्षरं वाढली, पण त्यांचे चौकोन निखिलनं मोजून ठेवले होते तेवढेच राहिले. "स्त्री" आणि "पुरुष" एकमेकांच्या अंगावर चढले. वरच्या ओळी वाढल्या तसं "जतन करा" बटन ढकलत विंडोच्या खाली गेलं, नुसती वरची कड दिसायची. मी परत बारीक करू का विचारलं, तर बाई नको म्हणाल्या. बारीक अक्षरांपेक्षा हे बरं, बटन त्या अंदाजानं दाबत होत्या.

नवीन सिस्टरनं विचारलं, "बाई, बटन कुठी आहे?"

"खाली आहे," बाई म्हणाल्या. "दिसत नाई, पन आहे. आपन दाबत राहाचं."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत, ते मला नंतर आठवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी खूप गर्दी होती. मिशीवाले एक आजोबा सकाळी खोकल्यासाठी आले होते, ते दुपारी बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर बायकांच्या रांगेत मुकाट बसलेले सापडले. कागदावर "स्त्री" पडलं होतं, विभागही बाळंतपणाचा. सिस्टरनं विचारलं, "बाबा, काहून बोलले नाई?"

आजोबा म्हणाले, "बाईनं कागद देल्ला, मी बसलो. बाई कदी चुकत नाई."

सिस्टरनं हे हसत हसत खिडकीपाशी येऊन सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आजोबांना आत बोलावून स्वतःच्या डब्यातली भाजी-भाकर दिली आणि बाकीची रांग संपवली.

* * *

आमच्या दवाखान्यात सोडून जाणारा माणूस तसं सांगत नाही. तो वस्तू वाटायला लागतो. निखिल गेला तेव्हाही आधी त्याची छत्री ड्रायव्हरकडे दिसली होती, मगच आम्हाला समजलं.

आजोबांचा घोळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंची गादी देवरावभाऊंच्या खुर्चीवर दिसली. त्यांनी स्वतः शिवलेली, जुन्या लुगड्याची, वर निळा तुकडा लावलेली. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ नजर चुकवून म्हणाले, "म्या नको म्हनलं होतं." तुळशीची कुंडी सिस्टरकडे गेली. आणि माझ्या टेबलावर बाईंचा चहाचा स्टीलचा ग्लास येऊन बसला.

मी ग्लास घेऊन खिडकीत गेलो. "बाई, हे काय आहे?"

"दिवाळीनंतर मी येत नाई." बाई लाकडी खुर्चीवर बसून टाइप करत होत्या. "मायसारखं घरात चाचपडत बसाचं तं बसीन. पन कोनाच्या कागदावर चुकीचं पडाले नोको. इथी लोक वाचत नाईत, प्रशांत. मी देल्लं ते घेऊन जातात."

मला तेव्हा फार राग आला. बाईंचा नाही, त्या ठिपक्यांचा.

* * *

निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, ती स्क्रिप्ट अजून चालू आहे? मी ती दोन दिवसांसाठी लिहिली होती."

मी म्हटलं, "बाबा, इथं दोन दिवसांसाठी आलेले सगळेच राहतात. मीसुद्धा."

त्यानं फोनवर वाट दाखवली. आधी विंडोजला सांगायचं, तू मध्ये पडू नकोस, आमचं आम्ही बघतो. मग प्रत्येक स्क्रीनला विचारायचं, तुझं माप काय. मग जे जे ठिपक्यात मोजलंय ते सगळं, अक्षर, चौकोन, बटन, मधली जागासुद्धा, त्या मापानं गुणायचं. ऐकायला सोपं आहे. करताना आठवडा गेला. एक चौकोन नीट केला की दुसरा त्याच्याखाली लपायचा. मान अवघडली, तिचं दुखणं अजून गेलेलं नाही.

बाईंना मी काही सांगितलं नाही. सांगून झालंच होतं.

* * *

सोमवारी सकाळी बाई आल्या, उघड्या खुर्चीवर बसल्या आणि कॉम्प्युटर चालू केला. मी मागच्या टेबलाशी त्यांच्याच ग्लासात चहा पीत होतो, म्हणजे पिण्याचं नाटक करत होतो.

विंडो उघडली. बाई नेहमीसारख्या पुढे वाकल्या, मग थांबल्या. हळूहळू मागे सरकल्या, पार खुर्चीला पाठ लागेपर्यंत. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. खिडकीत एक म्हातारी उभी होती. बाईंनी तिचं नाव टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं. गाव वाचलं. "स्त्री" वाचलं. मग बोट स्क्रीनवर टेकवून वाचलं, "जतन करा."

म्हातारीला त्यांनी माडियात काहीतरी सांगितलं. बहुतेक थांब म्हणाल्या असतील, कारण ती थांबली. तिच्यामागची सगळी रांग थांबली. बाई उठून स्टोअरकडे निघाल्या.

"देवराव, ऊठ."

"काऊन बाई? काय झालं?"

"ऊठ म्हनलं ना."

भाऊ उठले. बाईंनी गादी उचलली, दोनदा झटकली आणि काखेत मारली. तिथून सिस्टरच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा दुसऱ्या हातात तुळशीची कुंडी होती. रांग बघत होती, मी बघत होतो.

शेवटी माझ्या टेबलापाशी आल्या. कुंडी खाली ठेवली आणि हात पुढे केला. मी अर्धा चहा राहिलेला ग्लास दिला. बाईंनी तो चहा मागच्या खिडकीबाहेर कण्हेरीच्या बुडाशी ओतला, ग्लास पदरानं पुसून कुंडीसकट जागेवर ठेवला, गादी घातली, बसल्या आणि म्हणाल्या,

"हां, या आता. कोन आहे मंग?"