मुलामा उडालेलं पेन

माझ्या पेनावरचा सोन्याचा मुलामा मीच उडवला, आणि त्याचा मला लय अभिमान आहे.

शाळा दुसरीपर्यंत. मास्तर मला कंटाळले की मी मास्तरांना, हे अजून ठरलेलं नाही. पुढं फौजेत ड्रायव्हर झालो. पहिल्या पगाराला सगळ्यांसमोर अंगठा लावावा लागला. तिथंच ठरवलं, परत न्हाई. सही शिकलो आणि सुट्टीवर आल्यावर सांगलीत शाईचं पेन घेतलं. काळंभोर, टोपणाला सोनेरी क्लिप न् सोनेरी कडं. ते खिशाला लावून कडेगावात उतरलो, तर तलाठी स्वतः उठून रामराम घालायला लागला.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पूजतात. कोयता, खुरपं, पाना, आणि माझं पेन. पूजेआधी बायको घरातलं पितळ चिंच-राखेनं घासायची, त्यात मी टोपणही घासून घ्यायचो. दर साली. सोनं गेलं, खालचं पितळ वर आलं. कड्यावर उरलंसुरलं होतं ते अंगठ्यानं खाल्लं. काळा रंग विटून चहासारखा झाला. कागदावर लावला नाही तो अंगठा पेनावर झिजवला म्हणा.

गेल्या साली पेन गळायला लागलं. थोरल्या पोरानं सांगलीला नेऊन दुरुस्त करून आणलं. बघतो तर लखलखीत.

"हे कुणाचं रं?"

"तुमचंच, आबा. पॉलिश केलं, मुलामा चढवला. नव्यागत झालं का न्हाई?"

"मी झालोय का नव्यागत?"

चुलीपुढनं बायको म्हणाली, "आवं, पोरानं हौसेनं केलंय. तुमच्या तोंडाला बी चढतोय का, इचारायचं ऱ्हायलं त्याचं."

सोसायटीच्या सभेला गेलो. सहीसाठी पेन काढलं, तसा माझ्याच वयाचा एक भाऊबंद ओरडला, "काय गड्या, म्हातारपणी शाळंत नाव घातलं व्हय रं?"

सगळी खिदळली. मी सही झोकात मारली, पण सही कोण बघतंय? जो तो क्लिप बघतोय. जन्मभर सही करणारा माणूस, एका मुलाम्यानं कालचा पोरगा ठरलो.

खंडेनवमी आली. बायको पितळ घासायला बसली, मी टोपण घेऊन शेजारी बसलो.

"आबा, सोनं हाय ते!" थोरला ओरडला.

"सोनं आसंल तर ऱ्हाईल की."

आणि राहिलं की! ह्यावेळचा मुलामा भलताच चिवट निघाला. चिंच संपली, राख संपली, मनगट भरून आलं. बायको तांब्या-घंगाळं घासून मोकळी झाली, तरी मी तिथंच.

शेवटी क्लिपच्या टोकाला तिळाएवढं पितळ दिसलं. बायकोला चष्मा लावून बघायला लावलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "आता ऱ्हावा जित्तं, सगळं उडंस्तवर."

राहणारच. पूजा झाल्याबरोबर पेन खिशाला लावलं आणि त्या भाऊबंदाच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "चष्मा आण रं."