साधे मंगळवार

साहेबांचा फोन आला की आमच्या टेबलावरचे ते गृहस्थ उभे राहायचे. साहेब दिल्लीत आणि हे इथे बडोद्यात, अलकापुरीतल्या आमच्या को-वर्किंगच्या टेबलाशी. पण साहेबांचं नाव उमटलं की खुर्ची मागे सरकलीच म्हणून समजा. व्हिडिओ कॉल असला तर फारच पंचाईत. लॅपटॉप टेबलावर आणि हे उभे, त्यामुळे साहेबांना दिसायची ती फक्त शर्टाची बटणं. "अरे भाई, बैठ जाइए, मैं आपके बटन से बात कर रहा हूँ," असं साहेब वैतागून म्हणायचे. मग हे बसायचे. पुढचा प्रश्न आला की पुन्हा उभे!

नाव सांगत नाही. सरकारी माणूस आहे, अजून नोकरीत आहे. शिवाय त्यांना विचारलं असतं तर "नियमात बसतं का ते बघायला हवं," असंच म्हणाले असते. हे त्यांचं पालुपद. माझ्या शेजारी रिद्धी बसते, मोबाईलची अ‍ॅप बनवते. तिनं एकदा वाढदिवसाचा केक पुढे केला, तर म्हणाले, "कामाच्या टेबलावर खाल्लेलं चालतं ना?"

"काका, अहीं कोई नियम ज नथी," रिद्धी म्हणाली.

"मग तर फारच जपून राहायला हवं," असं म्हणून त्यांनी केक खिडकीपाशी उभ्यानं खाल्ला.

ते केंद्र सरकारच्या एका कंपनीत होते. कंपनीनं एक वर्षाचा प्रयोग म्हणून काही जणांना सवलत दिली होती, की आपापल्या गावी राहा आणि तिथून काम करा. मात्र घरून नाही. कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या टेबलावर बसून. म्हणून ते आमच्यात येऊन पडले. आम्ही म्हणजे कोण? कुणी हिशेब तपासतं, कुणी कपडे विकण्याच्या वेबसाईट करतं, मी नंदेसरीच्या कारखान्यांची लेबलं आणि माहितीपत्रकं करते. सगळ्यांच्या कानांत इअरफोनची बोंडं. एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलणं नाही.

पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, अशा थाटात येऊन त्यांनी विचारलं, "इथले प्रमुख कोण?" प्रमुख कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना प्रश्न पडला, सकाळी नमस्कार करायचा कुणाला? त्यांनी त्यावर तोडगा काढला. सगळ्यांनाच करायचा. प्रत्येक टेबलापाशी जाऊन, समोरचा कानातलं काढेपर्यंत थांबून, "नमस्ते. बरं आहे ना?" माझा तर सुरुवातीला तिळपापड व्हायचा. अर्ध्या वाक्यात काम तोडून या गृहस्थांना बरं असल्याचं कळवायचं! तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. टाळता येत नाहीत आणि नंतर टाळावीशी वाटत नाहीत.

मंगळवारी त्यांच्या डब्यात थेपले आणि कैरीचा गोड छुंदा. एका मंगळवारी डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ताई. पण मंगळवारी आमच्याकडे थेपले असतात हे मला या वर्षी कळलं."

मला वाटलं, गंमत करताहेत. तर नाही. बायको इथल्या शाळेत गणित शिकवते. तिला नोकरी सोडवेना आणि यांच्या बदल्या थांबेनात. कोटा, रायपूर, मग दिल्ली. घरी यायचे ते गणपतीला, दिवाळीला. "मी आलो की घरात श्रीखंड नाहीतर पुरणपोळी. सण संपला की माझी गाडी. साधा दिवस मला कुणी दाखवलाच नाही हो," ते म्हणाले. "मंगळवारी हिची शाळा लवकर भरते. भाजी करायला वेळ नसतो, म्हणून थेपले."

संध्याकाळी सहाला लॅपटॉप बंद आणि फोन चालू. "आज काय आणू?" मग पिशवी घेऊन खंडेराव मार्केट आणि तिथून घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतलं घर. दुसऱ्या दिवशी आम्हाला अहवाल. "काल भेंडी जून निघाली. खूप बोलणी खाल्ली." हे असं सांगायचे, जणू बढतीच मिळाली आहे! त्यांच्या तोंडावरचं ते समाधान बघून मला कधीकधी हेवा वाटायचा.

वर्ष संपत आलं. सवलत पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला दिल्लीहून मोठे साहेब सगळ्यांशी व्हिडिओवर बोलणार होते. प्रत्येकानं काय फायदा झाला ते सांगायचं. रिद्धीनं आणि मी त्यांची तयारी करून घेतली. कामाचा वेग वाढला, प्रवास वाचला, चुका कमी झाल्या. सकाळभर ते पाठ करत होते.

कॉल सुरू झाला तेव्हा कुणाच्याच कानात काही नव्हतं. यांचं नाव पुकारलं गेलं. हे उभे. पलीकडून "बैठिए, बैठिए." हे बसले.

"आपको क्या फायदा हुआ?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उभे राहिले. "सर, मंगलवार को हमारे घर थेपले बनते हैं."

पलीकडे हशा पिकला.

"पच्चीस साल में मुझे पता नहीं था, सर."

हसणं थांबलं. साहेब म्हणाले, "ठीक है. नेक्स्ट."

कॉल संपल्यावर मी भडकलेच. "अहो, कामाचं बोलायचं होतं ना! इतकं पाठ केलंत ते कशासाठी?"

"काम तर दिल्लीतही होत होतं, ताई. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय फायदा झाला? खोटं सांगणं नियमात बसत नाही."

पंधरवड्यानं हुकूम आला. प्रयोग संपला, सगळ्यांनी मुख्यालयात हजर व्हावं. ते म्हणाले, सगळ्यांनाच परत बोलावलंय, माझ्या उत्तराचा काही संबंध नाही. असेलही तसं. मला मात्र ते थेपले अजून टोचतात. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन निरोप घेतला. रिद्धी रडली. सहाला त्यांनी नेहमीसारखा फोन लावला, "आज काय आणू?" आणि पिशवी घेऊन निघाले.

आता त्यांच्या जागी कोणी ना कोणी बसतं. सकाळी नमस्ते म्हणायला कुणी येत नाही. तरी मी पहिला अर्धा तास कानात काही घालत नाही. सवय झाली आहे आणि ती मोडावीशी वाटत नाही.

परवाच्या मंगळवारी संध्याकाळी खंडेराव मार्केटमध्ये त्यांच्या पत्नी दिसल्या. एकदा विसरलेला डबा द्यायला आल्या होत्या, म्हणून ओळखलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातातला फोन भेंडीच्या ढिगावर धरलेला.

"कोवळी आहे ना? नीट बघून सांगा. मग मला बोलू नका."

"एक मोडून बघ," फोनमधून ओळखीचा आवाज आला.

त्यांनी भेंडीचं टोक मोडून दाखवलं आणि फोन आपल्याकडे वळवला. मी मागून डोकावले. पडद्यावर तोंड नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि तीन बटणं.

"अहो, बसा ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिसत नाही आहात."