कडुवनाला शून्य गुण

सेतुअण्णा गेल्याचं मला पुण्यात, आमच्या शब्दखेळाच्या फोनगटावर कळलं. तेही त्याच्याच नंबरवरून. मुलीनं दोन ओळी टाकल्या होत्या. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेलं मराठी. अण्णा माझा थोरला चुलतभाऊ, कुंभकोणम्‌च्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. त्याआधी वर्षभर त्या नंबरवरून एक अक्षर आलं नव्हतं... का, ते मला ठाऊक होतं.

अण्णाच्या घरी जेवणानंतर पाटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडायची रीत. नियम घरचाच : शब्दाचं मूळ सांगाल तरच गुण. माकडांवर त्याचा भारी जीव. परसातली माकडं नारळ पळवायची आणि हा त्यांना शिव्या देता देता त्यांच्या जगभरच्या भाऊबंदांची नावं लावायचा. कपुचिन म्हणे टोपडंवाल्या ख्रिस्ती साधूंवरून. तालापोइन आफ्रिकेतलं, पण नाव ब्रह्मदेशच्या भिक्षूंचं. ऱ्हीसस हा तर ग्रीक कथेतला राजा. "राजाचा अन् माकडाचा संबंध कांहीं नाहीं. नांव ठेवणाऱ्यास आवडलें, इतकेंच," म्हणून हसायचा.

मीच त्याला गटात ओढला. तिथला नियम : शब्द मराठीत चालणारा हवा. एका रविवारी विषय निघाला माकडांची नावं, पंच मी. त्याचे कपुचिन, तालापोइन, ब्राझीलचा उआकारी सगळे मान्य झाले. मग त्यानं 'कडुवन' पाठवला, म्हणजे थोराड नर माकड. मूळही दिलं : तमिळमधून आमच्या घरात आलेला, पणजोबांपासून बोलण्यातला. गटावर हशा पिकला. "काकांना तमिळ गटात पाठवा!" ब्राझीलच्या माकडाला मराठीत मुभा, आणि तंजावरच्या मराठी घरातल्याला मज्जाव. तोच शब्द लहानपणी मीही परसात ओरडत होतो. पण चारचौघांत 'मद्रासी' ठरायची मला लाज वाटली. मी शून्य दिलं.

अण्णाचा फोन आला. "सरि, तूं पंच. मज इतकेंच सांग, तुज तो शब्द ठाऊक नव्हता?"

"नियम आहे, अण्णा," मी म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

अण्णा गेल्यावर महिन्याभरानं मी कुंभकोणम्‌ला गेलो. गटाच्या वतीनं मीच लिहिलेला शोकसंदेश वहिनींना दाखवला, कुठल्या तोंडानं कोण जाणे. 'तंजावरी मराठीचा राखणदार हरपला.' त्यांनी तो दोनदा वाचला.

"हें तूंच लिव्हलास?"

"हो."

"एक वरीस उशीर केलास." फोन परत देऊन त्या खिडकीकडे वळल्या. "रोज दोघांचा डाव मांडीत होते. तुझी पाळी आली कीं तसाच ठेवीत होते."

खिडकीपाशी पाट होता. डाव अर्धाच होता... पाळी माझी होती.